ताटलीखालची गोगलगाय

कवळीकाकूंसमोर मोकळं हसायचं नाही, हे त्या इमारतीत सगळ्यांना ठाऊक होतं. हसलात की संपलं. काकू तुमच्या विनोदाकडे बघतच नसत, त्यांचं लक्ष तुमच्या डाव्या सुळ्यावर. "हा जरा आत वळलाय हं," असं म्हणून त्या पुन्हा आपल्या कामाला लागत आणि तुमचं हसू जागच्या जागी मिटत असे. बाईंचा धंदाच तो. तळमजल्याच्या मागच्या खोलीत त्या कवळ्या बनवायच्या. दातांचे डॉक्टर लोकांच्या जबड्यांचे साचे पाठवत, काकू त्यात प्लास्टर ओतत, त्यावर गुलाबी मेणात एकेक दात बसवत. फळीवर जबड्यांची ही रांग! पार्सल आणणारा माणूस उंबऱ्यातूनच सही घ्यायचा, आत पाऊल टाकायची त्याची छाती नव्हती.

आता दिवसभर इतकं बारीक काम केलेल्या बाईनं संध्याकाळी डोळ्यांना जरा विश्रांती द्यावी की नको? नाव नको. वरच्या मजल्यावर त्यांचं घर आणि घरात, जिथे चारचौघांकडे सोफा असतो तिथे, खाऱ्या पाण्याची भलीमोठी टाकी. सोफा कधीच शेजाऱ्यांकडे गेला होता. पाहुणे लाकडी खुर्च्यांवर अंग चोरून बसत आणि टाकीतल्या निळ्या उजेडात एकमेकांची तोंडं बघत. टाकीत मासे दोन-चारच, ते सुद्धा नावाला. खरा थाट प्रवाळांचा, म्हणजे काकूंच्या भाषेत कोरलचा. आणि त्या सगळ्यांत पट्टराणी म्हणजे ताटली.

ताटली हे काही त्या कोरलचं शास्त्रातलं नाव नव्हे. ते नारिंगी होतं, पातळ होतं आणि गोल गोल वाढायचं, म्हणून ताटली. ही ताटली काकूंकडे आली ती त्यांच्या नणंदेकडून. ती कथा सांगायला हवी, नाहीतर पुढचं सगळं रामायण कशापायी झालं ते कळायचं नाही.

नणंदबाई मोटार चालवायला शिकवायच्या. स्वतःची शिकवणी, स्वतःची गाडी, छतावर पाटी. अर्ध्या गावाला त्यांनी क्लच म्हणजे काय ते ओरडून ओरडून शिकवलं होतं. घरीसुद्धा त्या माणसांना वळणं सांगायच्या. "डावीकडून ये, डावीकडून! टीपॉय बघ!" अशा बाईला आपण वन्सं म्हणायचं आणि वर 'हो हो' करायचं, हे काकूंच्या नशिबी आलं होतं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी वन्सं महिनाभर बाहेर गेल्या आणि आपल्या कुंड्या नव्या वहिनीच्या हवाली करून गेल्या. काकूंनी त्या झाडांना इतक्या मायेनं पाणी घातलं, इतक्या मायेनं, की वन्सं परतल्या तेव्हा कुंड्यांत झाडं नव्हती, नुसता चिखल होता. तेव्हापासून वन्संनी जे एक वाक्य धरलं ते सोडलंच नाही. "हिच्या हाताला गुण नाही." बारशात म्हणाल्या, लग्नात म्हणाल्या, एकदा तर काकूंच्याच घरी काकूंनीच केलेला चहा पिता पिता म्हणाल्या. काकू वरवर हसायच्या, पण ते वाक्य त्यांना आत कुठेतरी फार लागायचं. ज्यांच्या हातांनी शेकडो लोक जेवत होते, त्यांच्या हाताला म्हणे गुण नाही!

वन्संना समुद्री टाकीचं वेड लागलं ते काकूंच्याही आधी. टाकीवाल्यांची एक रीत असते. एखादं चांगलं कोरल वाढलं की त्याचा तुकडा मोडायचा आणि विश्वासातल्या कुणाकडे ठेवायला द्यायचा. उद्या आपली टाकी दगावली तर तिथून परत मागता येतो. वन्संनी आपल्या ताटलीचा नखाएवढा तुकडा आणि एक छोटी टाकी भावाला दिली. देताना बजावलं, "तू बघ रे. हिच्या हाती देऊ नकोस." भावाचा, म्हणजे काकांचा, उत्साह एक आठवडा टिकला. मग ते पुन्हा शब्दकोड्यात बुडाले आणि टाकी आपसूक काकूंकडे आली. झाडांपासून काकूंनी धडा घेतला होता. त्यांनी मायेला आवर घातला, पाणी मोजून बदललं, मीठ तोलून घातलं, छोट्या टाकीच्या जागी मोठी आणली, आणि बघता बघता नखाएवढा तुकडा खरोखरीच्या ताटलीएवढा झाला. वन्संना यातलं काही कळू द्यायचं नाही, असं काकूंनी काकांना बजावून ठेवलं होतं. वन्सं आल्या आणि टाकीपुढे थबकल्या की काका आपले म्हणायचे, "छान आली ना? मी बघतो अधूनमधून." आणि स्वयंपाकघरात काकू भांडी जरा जोरात आपटायच्या.

अशात एके दिवशी वन्संचा फोन आला. आवाज बसलेला.

"वहिनी, माझी टाकी गेली गं."

"गेली म्हणजे?"

"हीटर बिघडला. बंदच होईना. सगळं उकडून निघालं. एक जीव उरला नाही." मग, "ताटली आहे ना अजून तुमच्याकडे?"

"आहे की! चांगली एवढी झालीय!" काकूंनी फोनवरच हात फाकून दाखवले.

"दादा बघतोय म्हणून. नाहीतर काय."

काकूंचा इतक्या वर्षांचा संयम त्या एका वाक्यात संपला. "ते बघत नाहीत, वन्सं. मी बघते. पहिल्या आठवड्यापासून मीच बघतेय."

मग वन्सं म्हणाल्या, "असं? बरं. नवी टाकी भरतेय. रविवारी येते तुकडा न्यायला." आणि फोन ठेवला.

काकूंना आकाश ठेंगणं झालं. वन्सं, साक्षात वन्सं, त्यांच्याकडे हात पसरून येणार होत्या! त्या लगेच टाकीपुढे जाऊन उभ्या राहिल्या. ताटलीच्या कडेला पांढरी रेघ उमटली होती. आता टाकीवाल्या कुणालाही विचारा, अशा कोरलची कड पांढरी दिसली की ते वाढतंय असं समजायचं, नवा भाग आधी पांढरा येतो. गेल्या काही दिवसांत ती पांढरी रेघ रुंद होत चालली होती, एके ठिकाणी तर चांगली आतपर्यंत आली होती. "बाळसं धरलंय हो पोरीनं," काकू काकांना म्हणाल्या आणि फोटो काढून वन्संना पाठवून दिला. खाली लिहिलं, "बघा कशी वाढतेय." वन्संकडून नुसता अंगठा आला. काकूंना तेवढंही पुरलं.

रविवारच्या आधी त्यांनी तुकडा कुठून मोडायचा ते ठरवायला ताटली परातीत काढली. हातात मोजे चढवले आणि डॉक्टरांकडून मागून आणलेला दातांचा छोटा आरसा ताटलीखाली सरकवला. लोकांच्या दाढा मागून कशा दिसतात ते बघायचा आरसा, पण कोरलची खालची बाजू बघायला त्याच्यासारखं साधन नाही. आरशात एक पांढरा ठिपका दिसला. तांदळाच्या कणीएवढा.

"माझ्या नखातलं प्लास्टर पडलं वाटतं," काकू पुटपुटल्या आणि चिमट्यानं ते उचलायला गेल्या.

प्लास्टर चालू लागलं.

काकूंनी चष्मा पुसला. पुन्हा आरसा घातला. प्लास्टरच्या पाठीवर झालरीच्या झालरी होत्या, पुढे दोन इवली शिंगं होती, आणि ते ताटलीला तोंड लावून मन लावून जेवत होतं. ते जिथून पुढे सरकलं होतं तिथे ताटली पांढरीफटक. शेजारी दुसरं. त्याच्यामागे तिसरं. ज्याला त्या बाळसं म्हणत होत्या ती उष्टी हाडं होती.

त्यांनी मासेवाल्याला फोन लावला. हा बाजारातल्या मत्स्यालयाच्या दुकानाचा मालक, तोंडानं फटकळ पण माहीतगार. काकूंनी त्याला फोनवरच आरशातलं चित्र दाखवलं.

"अरे बापरे," मासेवाला म्हणाला. "काकू, ही समुद्रातली गोगलगाय. हिला शंख नसतो."

"मग मारू कशी?"

"ऐका आधी. हिला ताटलीच्या जातीचं कोरल सोडून दुसरं काही चालत नाही. बाकी टाकीत पंचपक्वान्नं वाढलीत तरी ढुंकून बघायची नाही. तेव्हा या जातीचं जेवढं असेल तेवढं सगळं बाहेर काढा, वेगळ्या टबात ठेवा. मोठ्या टाकीत राहिलेल्या उपाशी मरतील. टबातल्या कोरलला औषधाच्या पाण्यात बुडवून आंघोळ घाला, पिचकारी मारा, त्या आपोआप गळून पडतात."

"एवढंच ना?"

"एवढंच कसं? अंडी राहतात की! अंड्यांना औषध लागत नाही. ती खरवडून काढायची. नजरेतून सुटलेली फुटतात, म्हणून काही दिवसांनी पुन्हा आंघोळ, पुन्हा खरवड. चांगले महिना-दोन महिने. आणि तोवर कुणाला तुकडा द्यायचा नाही बरं का. एक अंडं गेलं तरी तिकडे संसार थाटतील."

"आणि ही बया माझ्याकडे आली कुठून? मध्ये तुझ्याकडून ते जांभळं कोरल नेलं होतं ना मी, ताटलीच्याच जातीचं?"

"आता कुठून आली ते कोण सांगणार, काकू," मासेवाला घाईघाईनं म्हणाला आणि त्याला अचानक गिऱ्हाईक आलं.

मग सुरू झाली आंघोळ. जांभळं आणि ताटली दोन्ही न्हाणीघरातल्या टबात गेली, टबाला छोटा हीटर, छोटा पंप, वर दिवा. काका बॅटरी धरून उभे. काकूंनी औषधाच्या पाण्यात ताटली बुडवली आणि पिचकारी मारली. पांढऱ्या झालरी टपाटपा तळाशी.

"मेल्यांनो, एवढा समुद्र सोडून तुम्हाला माझंच घर सापडलं?" काकू कडाडल्या. "हे असं आयतं खाता आणि वर पांढरे कपडे घालून फिरता?"

"दिसायला नाजूक आहेत गं," काका बॅटरीच्या उजेडात वाकून म्हणाले.

"तुम्ही उजेड इकडे धरा. त्यांचं कौतुक नंतर."

मग मेण कोरायची हत्यारं आली. ज्या टोकानं त्या कवळीतल्या हिरडीला वळण देत, त्याच टोकानं त्या ताटलीच्या घडीघडीतून अंडी खरवडू लागल्या. अंडी म्हणजे काय, लाळेच्या थेंबासारखे बारीक पुंजके. कमरेत कळ आली, मानेला रग लागली, पण बाई हटल्या नाहीत.

"तुझ्या वन्संना कळवून टाक," काका म्हणाले. "म्हणावं, दोन महिन्यांनी या."

"आणि त्या काय म्हणतील ते तुम्ही ऐकून घेणार का? आत्ताच तर सांगितलं, मी बघते म्हणून! इतक्या वर्षांत पहिल्यांदा सांगितलं, आणि लगेच पुढच्या फोनला सांगू, किडे पडले?"

काकांनी बॅटरी दुसऱ्या हातात घेतली आणि उजेड पुन्हा ताटलीवर धरला.

रविवारच्या आदल्या दिवशी काकूंनी दुसरी आंघोळ घातली. एकही गोगलगाय पडली नाही. आरशातून पाहिलं तर सगळं स्वच्छ. खरं तर मासेवाल्यानं काय बजावलंय ते त्यांना पाठ होतं, पण माणसाचं मन फार लबाड. स्वच्छच तर दिसतंय की. आणि निघालंच उद्या काही, तर कुठून आलं ते कोण सांगणार? मासेवाल्याचंच वाक्य. त्यांनी ताटलीचा उत्तम, नारिंगी, हाताच्या तळव्याएवढा तुकडा मोडला, पिशवीत पाणी भरलं, तुकडा आत सोडला आणि पिशवीचं तोंड रबरानं गच्च आवळलं. त्या रात्री त्या काकांशी बोलल्या नाहीत. काका तर बिचारे काहीच म्हणाले नव्हते.

वन्सं आल्या त्या शिकवणीची गाडी घेऊनच. हातात थर्माकोलची पेटी. टाकीत ताटलीची जागा रिकामी बघून विचारणारच होत्या, तोवर काकूंनी पिशवी पुढे केली. वन्संनी ती दिव्यापुढे धरली. उलटसुलट केली. त्यांचे डोळे भरून आलेले काकूंना स्पष्ट दिसले.

"वाढवलीस हं," वन्सं म्हणाल्या. "छान वाढवलीस. मला जमली नसती एवढी."

इतकी वर्षं ज्या वाक्याची वाट पाहिली ते हे असं समोर आलं, आणि काकूंना ते गिळता येईना. "चहा टाकते," त्या कशाबशा म्हणाल्या.

"नको, पाणी गार होईल. निघते." वन्संनी पिशवी पेटीत ठेवली, झाकण लावलं आणि जिना उतरल्या.

काकू तडक न्हाणीघरात गेल्या. काय बघायला गेल्या ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. उरलेल्या ताटलीखाली त्यांनी आरसा घातला, तुकडा जिथून मोडला होता अगदी तिथे. कडेच्या घडीत लाळेच्या थेंबाएवढा एक पुंजका होता. अर्धाच. मोडताना त्याचा दुसरा अर्धा भाग पिशवीत गेला होता.

कवळीकाकू जिन्यावरून धावल्या. पायात एकच चप्पल, हातात आरसा, मोजे तसेच. वन्संची गाडी फाटकातून निघाली होती. काकू सरळ तिच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. करकचून ब्रेक लागला.

"अगं ए! मरायचंय का?" वन्संनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "गाडीपुढे असं उभं राहतात?"

"वन्सं, ती पेटी द्या. त्यात अंडी आहेत."

"कसली अंडी?"

"गोगलगाईंची. ताटली खातात त्या. फोटोत पांढरं दिसत होतं ना, ते वाढणं नव्हतं, खाणं होतं. मला परवाच कळलं. आणि कळूनही मी तुम्हाला तुकडा दिला." काकूंना दम लागला होता, तरी त्या थांबल्या नाहीत. "म्हणा आता काय म्हणायचं ते. म्हणा, हाताला गुण नाही. इथेच म्हणा, रस्त्यात."

वन्संनी इंजिन बंद केलं. मग पलीकडचं दार उघडून म्हणाल्या, "आत ये. बस."

काकू बसल्या. पायाशी शिकवणाऱ्याचे जादा ब्रेक होते, ते चुकून दाबले जाऊ नयेत म्हणून पाय आखडून बसल्या. पेटी दोघींच्या मध्ये.

"माझी टाकी हीटरनं गेली नाही," वन्सं समोरच्या काचेकडे बघत म्हणाल्या.

"मग?"

"हेच. हेच झालं होतं माझ्या ताटलीला. मीही त्याच दुकानातून ते जांभळं घेतलं होतं. एक दिवस बघते तर खाली या पांढऱ्या झालरी. घाबरले. आंघोळीचं औषध आणलं आणि म्हटलं, एकेक काढत कोण बसतंय, ओता सगळ्या टाकीत. ओतलं. संध्याकाळपर्यंत सगळं पांढरं. मासे, खेकडे, सगळं." त्यांचा आवाज फाटला. "मी. मी, जी सगळ्यांना सांगत फिरते, घाई करू नका, आधी आरसा बघा. कुणाला तोंड दाखवू? म्हटलं, हीटर."

इतक्या वर्षांत वन्संना रडताना काकूंनी कधी पाहिलं नव्हतं.

"तू फोटो पाठवलास ना," वन्सं नाक पुसत म्हणाल्या, "तेव्हाच मला शंका आली होती. म्हटलं विचारावं. पण विचारलं तर तू म्हणणार, तुम्हाला कसं ठाऊक? मग माझंच बिंग फुटायचं. म्हटलं, आपल्यालाच आता सगळीकडे तेच दिसतं. आणि अंगठा पाठवून मोकळी झाले."

"अहो, मग तेव्हाच, तुमच्याकडे गोगलगाई निघाल्या तेव्हाच, मला फोन करायचा होतात!"

"करून? तू काय सांगितलं असतंस?"

काकूंनी प्रामाणिकपणे विचार केला. "तेव्हा मला तरी कुठे काय ठाऊक होतं? मीही म्हणाले असते, ओता."

"म्हणजे टाकी मेलीच असती."

"मेली असती," काकू म्हणाल्या. "पण दोघींनी मिळून मारली असती."

मागून एका गाडीनं भोंगा वाजवला, तिकडे वन्संनी लक्षही दिलं नाही. मग त्यांनी पेटी उचलून काकूंच्या मांडीवर ठेवली आणि किल्ली काढून घेतली.

"चल वर," त्या म्हणाल्या. "अंडी कशी खरवडायची ते मला शिकव."